शौकत, आपलं भांडण राहून गेलं

शौकत,

तुला मूठमाती दिली तेव्हा मी काही बोललो नाही. ती बोलायची जागा नव्हती. तुझा इम्रान कबरीत उतरला होता, जावई फिरोज वरून त्याला हात देत होता, आणि बाकीचे आम्ही रांगेनं पुढं सरकत होतो. तीन मुठी टाकायच्या असतात हे मला तूच शिकवलेलं, तुझ्या अब्बाजींच्या वेळी. तिसरी मूठ टाकताना वाटलं, आता हा म्हणणार, "दत्त्या, नीट टाक की रं, फौजेत हेच शिकीवलं व्हय?" तू काही म्हणाला नाहीस. मी कुठलंही काम करावं आणि त्यात तू चूक काढू नयेस, असं तेव्हा पहिल्यांदा झालं.

त्या दिवसापासून तुझ्याशी बोलायचं साचत चाललंय. मंगल म्हणाली, "आवं, आतल्या आत बोलत बसू नगा. झोपेतबी पुटपुटता. कागद घ्या आन् लिवा." म्हणून बसलोय. मला रिपोर्ट लिहायची सवय आहे. काय घडलं, कुठं घडलं, पुढं काय केलं. तसंच लिहितो. रडवेलं काही सापडलं तर तिकडं कानाडोळा कर.

लोक येऊन मला सांगतात, शौकतभाई म्हणजे देवमाणूस. मी मान हलवतो. तू काही देवमाणूस नव्हतास, गड्या. हट्टी होतास. गिऱ्हाईकानं पोहे मागितले की "कशाला, काल तर नेलंस, रवा ने" असं सांगणारा दुकानदार मी तुझ्याशिवाय पाहिला नाही. पाव्हणे आले म्हणून कुणी घाईनं बेसन न्यायला आलं, तर आधी पाव्हणे कुठले ते विचारायचास. विट्याचे असले तर म्हणायचास, "मग तिखट जास्त घाल." उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्याचं सामान न्यायला बायकांची झुंबड उडायची, तेव्हा तर तुला जोर चढायचा. मिरची कुठली घ्यायची, खोबरं किती भाजायचं, यावरून तू पेठेतल्या एकूण एक सासूशी वाद घातलास. माझ्या आईशीसुद्धा. ती घरी येऊन म्हणायची, "त्या शौक्याला काय कळतंय मसाल्यातलं!" आणि सामान मात्र तू सांगितलेलंच आणलेलं असायचं.

अशा माणसाला देवमाणूस म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते लिहायचंय.

पण त्याच्या आधी ती भरती.

तुला आठवतं का, आपण अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळायला जायचो ते? पेठेतली निम्मी पोरं जायची. साताऱ्यात पोरगं अठराचं झालं की दुसरं काय सुचतंय? माझ्या घरात चुलते फौजेत, मामा फौजेत, मी जाणार हे जन्मतःच ठरलेलं. तुझ्या घरात मात्र कुणीच नव्हतं. तुला कुणी सांगितलं नव्हतं. तुला आपणहून जायचं होतं. तुझं पळणं बघून आपल्याला पळवणारे उस्ताद म्हणायचे, ह्याच्या पायात वारं हाय. मी वरच्या वळणाला धापा टाकत पोचायचो तेव्हा तू दगडावर बसून दात काढत असायचास.

भरतीच्या मैदानावर आपण दोघंही पास झालो. छाती भरली, डोळे तपासले, सगळं पार पडलं. येताना राजवाड्याजवळ उभं राहून आपण जिलेबी खाल्ली. तू म्हणालास, "घरात आत्ता सांगायचं न्हाई. हातात कागद आला की एकदम सांगू. अब्बाजी आधी शिव्या देतील, मग सगळ्या पेठेत मिरवत सांगतील." तुझ्या अब्बाजींचा स्वभाव बरोबर तसाच होता.

त्याच आठवड्यात ते दुकानात बसल्या जागी कलंडले. अर्धं अंग गेलं. तुमच्या सोप्यात माणसं जमली होती, मी दाराशी उभा होतो. तुझे थोरले चुलते कऱ्हाडहून आले होते. त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासनं शौकत बसंल दुकानात." एवढंच. कुणी तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तू मान डोलावलीस. दुष्टपणा कुणाच्या मनात नव्हता. घरात थोरला तू, बहिणी लग्नाच्या, दुकान रोज उघडायला हवं. दुसरं काय होणार होतं? तरी मी तुला बाहेर बोलावून म्हणालो, "सांग की रं त्यास्नी. पास झालाय म्हणून सांग."

"आता कशाला?" तू म्हणालास. "अब्बाजींच्या जिवाला घोर लागंल."

मी बेळगावला ट्रेनिंगला निघालो तेव्हा तू एस.टी. स्टँडवर आला होतास. दुकान मागं कुणाच्या तरी भरवशावर टाकून आलेलास, त्यामुळं सारखा घाईत. माझ्या हातात फुटाण्याची पुडी दिलीस, दोऱ्यानं बांधलेली. आठवडाभरातच तुला पुडी बांधता यायला लागली होती. गाडी हलली तेव्हा तू हात केला नाहीस. पाठ फिरवून चालू लागलास. मला तेव्हा वाईट वाटलं. पुढं कितीतरी वर्षांनी मी बटालियनमध्ये पोरांना रजेवर सोडायला गेटपर्यंत जायचो आणि पाठ फिरवून परत यायचो, तेव्हा ते कळलं.

मग मी हिंडलो आणि तू बसलास. मी राजस्थान पाहिलं, आसाम पाहिलं, बर्फ पाहिला. तू तागडीच्या मागं. पण माझं घर कोण बघत होतं, हे मला बर्फात बसूनही ठाऊक होतं. पेठेत पहिला फोन आला तो तुझ्या दुकानात. आम्हाला तिकडून फोन मिळायचा कधी तरी, तोही मिनिट-दोन मिनिटं. मी नंबर फिरवायचो, आणि तू माझा आवाज ओळखून रिसीव्हर तसाच ठेवून रस्त्यात यायचास आणि ओरडायचास, "वैनी, फोन! पळा!" मंगल पिठाच्या हातानं पळत यायची. ती येईपर्यंतचा वेळ वाया जाऊ नये म्हणून तू परत येऊन मला पेठेच्या बातम्या सांगायचास. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराला नोकरी लागली. ती पोचली की बाजूला होऊन शेंगदाणे निवडत बसायचास, पाठ करून, म्हणजे तिला मोकळं बोलता यावं. हे मंगलनं मला सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस.

आता आपलं पहिलं मोठं भांडण. ते मी अजून सोडलेलं नाही बरं का.

मी सरहद्दीवर होतो. तिकडं तेव्हा वातावरण बरं नव्हतं, सुट्ट्या बंद होत्या. दर फोनला मी विचारायचो, आई कशी आहे. तू म्हणायचास, "झकास हाय. कालच माझ्याशी मिरचीवरून भांडून गेली." सहा महिन्यांनी सुट्टीवर आलो तर आई वाळून निम्मी झालेली. काठी घेऊन उभी. तेव्हा कळलं की तिचं काळीज थकलं होतं, तू तिला गाडी करून मिरजेला दवाखान्यात नेलं होतंस, आणि ती तिथं होती तितके दिवस दुकानाला कुलूप लावून तिच्या उशाशी बसला होतास. तुझी सासुरवाडी मिरजेची. तिथून रोज डबा यायचा. आईनं आयुष्यात कधी दुसऱ्याच्या घरचं खाल्लं नव्हतं, ती तुझ्या सासूच्या हातची शेवयांची खीर मागून घ्यायची म्हणे.

मी तडक दुकानात आलो. गिऱ्हाइकं होती, मी बघितलं नाही. "मला का सांगितलं न्हाईस?"

"म्हातारीनं शपथ घातली हुती. तिकडं तुझं ध्यान हललं आन् काय झालं तर?"

"ते मी बघितलं असतं! मी पोरगा हाय तिचा!"

तू तागडी खाली ठेवलीस. "आन् मी कोन हाय?"

मी निघून गेलो. दुसऱ्या दिवशी तूच आईची औषधं घेऊन घरी आलास आणि मला म्हणालास, "च्या टाकाय सांग." मग आपण काहीच झालं नाही असे वागलो. माणसं वागतात तसे.

शौकत, मला अजून वाटतं, तू मला सांगायला पाहिजे होतंस. आईचं काही बरंवाईट झालं असतं तर मी तुला माफ केलं नसतं. हे एक. आणि दुसरं असं की तू होतास म्हणून आई पुढं नऊ-दहा वर्षं जगली, नातवंडं खेळवली, आणि गेली ती माझ्या मांडीवर गेली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीनं दुसरी पुसली जात नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तर तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. तू तिचा पोरगाच होतास. उशाशी तू बसला होतास. तोंडानं हे मी कधी म्हटलं नाही, म्हणून इथं लिहितो.

पेन्शनीत आलो आणि तुझ्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर माझी ड्यूटी सुरू झाली. सकाळी मंडईतून येताना बसायचं ते ऊन बाकड्यावर येईपर्यंत. तोवर साताऱ्याचं रूप पालटलं होतं. हमरस्त्याला मोठमोठी दुकानं झाली. थंडगार हवा, ढकलायच्या गाड्या, सगळं आपल्या हातानं उचलून घ्यायचं. मग फोनवर बोट दाबलं की सामान दारात यायला लागलं. मला तुझी काळजी वाटायची. तुला अजिबात नाही.

"लोक तिकडनं महिन्याचं सामान आणत्यात," तू म्हणायचास, "आन् जिरं इसरत्यात. इसरलं की माझ्याकडं येत्यात. जवर लोक इसरत्यात तवर माझं दुकान चालतंय बघ."

चालत होतंच. पण त्याच्या पुढचं तू जे बोलायचास ते माझ्या गळ्याखाली उतरायचं नाही. तू म्हणायचास, "माझ्यामागं ह्ये दुकान बंद. पोरांनी हितं बसायचं न्हाई. ज्या दिवशी ह्येचं शटर कायमचं खाली येईल, त्या दिवशी समज शौकत जिंकला."

इम्रान इंजिनिअर होऊन पुण्याला गेला तेव्हा तू पेढे वाटलेस ते नोकरीचे नव्हते, हे मला ठाऊक होतं. एक पोरगं तागडीपासून सुटलं, त्याचे होते. पण सलमाचं काय? तुझी धाकटी. ती शाळेत असल्यापासून दुकानात घुसायला बघायची, आणि तू तिला हाकलायचास. सुट्टीत बरण्या पुसायला आली तरी "जा, अभ्यास कर." तिनं अभ्यास केला. एम.कॉम. झाली, एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात लागली, फिरोजशी लग्न झालं, त्याचं गॅरेज इथंच. आणि तरी रविवार आला की ती दुकानाच्या पायरीवर उभी. अब्बा, इथं असं केलं तर? अब्बा, तो मसाला आपणच कांडून विकला तर? तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचास.

त्या शेवटच्या रविवारी तिनं सरळच विचारलं. "अब्बा, मी नोकरी सोडून दुकान बघू का? तुम्ही बसा आरामात. मी करते."

तू असा चिडलास की मीच दचकलो. "तुला शिकीवलं ती ह्या गादीवर बसवाय व्हय? पुन्यांदा ह्ये बोलायचं न्हाई."

ती डोळे पुसत गेली. मला राहवलं नाही. "तिला बसायचंय तर बसू दे की. तिच्या मनात हाय."

"तू गप. तुला बसणं काय असतंय ठावं हाय का? तू जन्मभर हिंडलास. मी बसलो. लगीन असू दे, मयत असू दे, ताप असू दे, मी हितंच. अजिंक्यतारा ह्यो हितनं दिसतोय, एवढ्या वर्षांत मी त्याच्यावर किती येळा गेलो, इचार."

"तुला बसवलं, शौकत. ती आपणहून बसतीया. ह्यात काय फरक हाय का न्हाई?"

एक बाई हिंग मागायला आली, तिला हिंग दिलंस. मग म्हणालास, "उद्या ये. उद्या भांडू. आज डोकं दुखतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळची नमाज पढून तू आडवा झालास तो उठलाच नाहीस. मंडईतून पिशवी घेऊन मी नेहमीसारखा आलो तर दुकानासमोर माणसं उभी.

तिसऱ्या दिवशी तुझी जियारत झाली आणि त्या दुपारी इम्राननं मला बोलावून घेतलं. तोच सोपा. भाभी आतल्या खोलीत, पडद्यामागं. सलमा भिंतीला टेकून बसलेली, फिरोज तिच्या बाजूला. इम्रान चांगला पोरगा आहे रे, तुझ्यासारखाच सरळ. त्याच्याकडं एक मोबाइलवाला जागा भाड्यानं मागायला आला होता. तो म्हणाला, "काका, मला त्या भाड्याचं काही नाही. पण अब्बा नेहमी म्हणायचे, माझ्यामागं दुकान बंद करा. सलमा म्हणते, ती चालवणार. मी अब्बांचा शब्द मोडू का? तुमच्याशी ते सगळं बोलायचे. तुम्ही सांगा, शेवटी त्यांच्या मनात काय होतं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सलमा तर अशी बघत होती की मला मान वर करवेना. मी खोटं बोललो असतो तर काम भागलं असतं. "शेवटी तो तयार झाला होता" एवढं म्हणायचं. कोण विचारायला जाणार होतं? जिभेवर आलं होतं, तुझी शपथ. पण तुझ्या तोंडात मी माझे शब्द घालायचे, आणि तेही तू उलटून बोलू शकत नसताना, हे जमेना.

मी म्हणालो, "न्हाई. त्याच्या मनात न्हवतं. त्या रविवारीबी तो न्हाईच म्हणाला."

सलमानं तोंड फिरवलं. इम्रान म्हणाला, "मग प्रश्नच मिटला."

"मिटला न्हाई," मी म्हणालो. "तो न्हाई का म्हणत होता, ते बी ऐका."

आणि मी त्यांना भरतीची गोष्ट सांगितली. अजिंक्यताऱ्याचा चढ, मैदान, जिलेबी, सगळं. शौकत, त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं! इतकी वर्षं तू बायकोला सांगितलं नव्हतंस, पोरांना सांगितलं नव्हतंस. इम्रान मधेच म्हणाला, "अब्बा? आमचे अब्बा फौजेत?" तुझ्या थोरल्या चुलत्यांनी तांब्या खाली ठेवून काय म्हटलं, तेही मी सांगितलं. "त्याला कुणी इचारलं न्हाई, बाबांनो. बसतोस का म्हणून एका माणसानं इचारलं असतं, तर तो न्हाई म्हणाला नसता. अब्बाजींसाठी बसलाच असता. पण कुणी इचारलं न्हाई. म्हणून त्याला वाटायचं, दुकान म्हंजे बांधून घालणं. तुम्हाला त्यातनं सोडवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात."

पडद्यामागून भाभींचा आवाज आला. रडत होत्या, पण शब्द स्वच्छ होते. "इम्रान, पूछ उसको."

इम्राननं बहिणीकडं बघितलं. मोठा भाऊ, पुण्यात एवढी माणसं हाताखाली, आणि तो उठून तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसला. "सलमा, अब्बांना कुणी विचारलं नाही. मी तुला विचारतो. तुला दुकानात बसायचंय? नाही म्हणालीस तरी चालेल. कुणी काही म्हणणार नाही."

आम्ही वाट बघत होतो तसं ते उत्तर धाडकन आलं नाही. सलमानं फिरोजकडं बघितलं, मग जमिनीकडं. खरंच विचार केला तिनं. मग म्हणाली, "बसायचंय. पण अब्बांसारखं नाही. रविवारी दुकान बंद. दुपारी जेवायला घरी जाणार. आणि दत्ताकाकांचं ते बाकडं थोडं सरकवायचं, गिऱ्हाइकाला पायरी चढता येत नाही."

आतून भाभी हसल्या. रडता रडता हसल्या. तू गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं ते तेव्हा.

बाकडं सरकवलंय. ऊन आता लवकर येतं, याची नोंद घे.

सलमा कारखान्यातून रीतसर मोकळी होऊन दुकानात आली. भाभींना इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही, तर त्या घरातच मसाल्याचं सामान निवडून पुड्या करतात आणि तिथूनच हुकूम सोडतात. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा पेठेतली माणसं येऊन कुरकुर करतात आणि सोमवारी परत येतात. विसरणं काही बंद झालेलं नाही. पोह्यांऐवजी रवा न्या असं ती कुणाला सांगत नाही. मागतील ते देते. मला थोडं चुकल्यासारखं होतं, पण बायका खूश आहेत.

परवा ती मला सांगलीला घेऊन गेली. मसाला कांडायचा, तर हळद चांगली पाहिजे, आणि ती स्वतः बघून घ्यायची, हा तिचा हट्ट. हट्ट कुणाचा ते मी सांगायला नको. फिरोज म्हणाला, गाडी काढतो, तर नको म्हणाली. एस.टी.नं गेलो. मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या, हवेत हळदीचा उग्र वास, हमालांच्या पाठी पिवळ्या. तुझा नेहमीचा अडत्या, त्या म्हाताऱ्या शेठना तू गेल्याचं मीच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, दोन्ही हात जोडले. मग तिला म्हणाले, "शौकतभाईंची लेक व्हय तुमी? आता दुकान कोन बघतंय?"

"मी."

"एकट्या? आवं बाई, आता मोठमोठी दुकानं झाल्यात. किती दिस टिकणार तुमचं?"

"शेठ," ती म्हणाली, "आधी हळद दाखवा."

शेठनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं, कारण मला हसू येत होतं. तिनं पोत्यात हात घातला, हळकुंडं वर काढली, एक बाजूला ठेवलं, दुसरं उचललं. शेठनी चहा मागवला. तो घासाघिशीत गार झाला. शेवटी शेठ म्हणाले, "चला, तुमचं ऱ्हाऊ द्या. पुढच्या खेपेला आधी च्या पिऊ, मग भाव करू, ह्या पाव्हण्यास्नी तरी गरम मिळंल." पाव्हणा म्हणजे मी. एवढ्या वर्षांच्या फौजेनंतर मी आता सामान धरायला बरोबर नेलेला पाव्हणा.

पोती मागून टेम्पोनं येणार होती. नमुन्याची एक पिशवी तिनं पायाशी ठेवली आणि आम्ही परतीच्या गाडीत बसलो. बाहेर ऊस, मग द्राक्षांच्या बागा, मग परत ऊस. इस्लामपूर गेलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, दमली. मग ती तशीच म्हणाली, "काका, एक विचारू?"

"इचार की."

"समजा, मला दोन-चार वर्षांनी कंटाळा आला. किंवा नाहीच जमलं. तर मी दुकान बंद करीन. तेव्हा अब्बांचं नाव घेऊन मला कुणी अडवायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही. चालेल?"

मी तिच्याकडं बघितलं. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते, कपाळावरही बोट लागलेलं, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या दोघांचं भांडण या पोरीनं किती सरळ करून टाकलं, शौकत. बसायचं तेही आपल्या मनानं आणि उठायचं तेही.

"बरं," मी म्हणालो. मग जरा थांबून परत म्हणालो, "बरं."

"दोनदा का?"

"एक माझं. एक तुझ्या अब्बांचं."

तिनं पदरानं डोळे टिपले आणि डोळ्यांभोवतीही हळद लावून घेतली. तुझ्या वतीनं मी शब्द देऊन बसलोय, गड्या. तुला विचारायला जमलं नाही. पटला नसला तर तसं सांग, भांडायला मी रोज बाकड्यावर आहे.

तुझा,
दत्त्या